पहिलं पाणी

वेदीवरचे कपडे धुण्याचं काम एकेचाळीस वर्षं माझ्याकडे होतं. कपडे म्हणजे मुख्य दोनच. एक चौकोनी पांढरं कापड, मिस्सेच्या उपासनेत ज्यावर भाकर आणि द्राक्षारसाचा प्याला ठेवतात. दुसरं लांबट, प्याला पुसायचं. फादर लोकांकडे त्यांची लॅटिन नावं आहेत. माझ्या सासूबाई पहिल्याला चौकोन म्हणायच्या आणि दुसऱ्याला पुसणं. तेच माझ्या तोंडी बसलं.

हे काम मला सासूबाईंनी शिकवलं. चौकोनाला खळ द्यायची, पुसण्याला द्यायची नाही, कारण खळीचं कापड पाणी पीत नाही. चौकोनाच्या घड्या आतल्या बाजूला घालायच्या, तीन आडव्या आणि तीन उभ्या, म्हणजे भाकरीचा कण राहिलाच तर तो कापडाच्या पोटात राहतो. आणि धुताना पहिलं पाणी वेगळं. साबण नाही, दुसरा कपडा नाही. स्वच्छ बादलीत कापड बुडवून हलकेच पिळायचं आणि ते पाणी मातीला द्यायचं. गटारात कधीही नाही.

"मिस्सेत एकदा शब्द उच्चारले की ती भाकर उरत नाही, प्रभू होतो," सासूबाई सांगायच्या. "आणि कण केवढाही असो, त्यात तो अख्खा असतो. अर्धा देव, पाव देव असं नसतं."

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. अक्षराची ओळख नव्हती. घरचं इस्त्रीचं दुकान होतं, तिथे गिऱ्हाइकांचे कपडे मी रंगीत दोऱ्यांनी ओळखायचे. पण हे वाक्य मला एकदाच ऐकून पाठ झालं आणि आजवर मी त्यात शंका काढली नाही.

चर्चमध्ये त्या पाण्यासाठी खास सोय होती. वेदीमागच्या खोलीत भिंतीत बसवलेलं छोटं दगडी कुंड, वर पितळी झाकण. त्याचा नळ गटाराला जोडलेला नसायचा, सरळ खाली मातीत उतरायचा. बांधणाऱ्यांनी किती विचार केला होता बघा.

मग मधली पंचवीस वर्षं आली. तेव्हाचे मोठे फादर माणूस म्हणून सोन्यासारखे होते, रात्री-अपरात्री आजाऱ्याच्या उशाशी जाऊन बसायचे. पण जुन्या गोष्टींचा त्यांना कंटाळा. वेदीपुढचा कठडा त्यांनी काढला, कारण माणसांत आणि देवात कुंपण कशाला. गुडघे टेकायच्या फळ्या गेल्या. लोक रांगेत गप्पा मारत यायचे, पवित्र भाकर तिकीट घ्यावं तशी हातात घ्यायचे आणि तोंडात टाकता टाकता कोणाला तरी हात करायचे. मी काही बोलले नाही. इस्त्रीवालीचं कोण ऐकणार? मी आपली गुडघे टेकून, तोंड उघडून, जिभेवर घ्यायची. फादर हसायचे, म्हणायचे, "मावशी, उठताना मला तुला हात द्यावा लागतो." द्यायचेही बिचारे.

त्याच काळात वेदीमागच्या खोलीत नवी फरशी बसली. नळाचं काम माझ्या धाकट्या भावाने केलं. तो जेवायला घरी आला तेव्हा म्हणाला, "ताई, ते भिंतीतलं कुंड आता बाकीच्यांसारखंच. खाली काँक्रीट आलं, पाणी मुरेना. मी त्याचा पाइप मोठ्या गटाराला जोडून टाकला."

दुसऱ्या दिवशी मी फादरांकडे गेले. ते म्हणाले, "मावशी, देव काय पाइपात अडकतो? तू काळजी करू नकोस."

मी काळजी केली. त्या दिवसापासून पहिलं पाणी मी बादलीने चर्चच्या मागे नेऊ लागले. तिथे वेदीच्या बरोबर पाठीमागे, भिंत आणि कुंपण यांच्यामध्ये हातभर मातीची पट्टी आहे. कोणाचा पाय पडत नाही. दर सोमवारी, ऊन असो की थंडी, दोन पायऱ्या उतरून तिथे. कोणी विचारलंच तर म्हणायचे, गवताला पाणी घालते. कुंडापुढे पंख्यांची खोकी रचली गेली आणि ते सगळेच विसरले. पुढे भाऊ वारला. मोठे फादरही वारले. ते पाणी कुठे जातं हे माहीत असलेली मी एकटी उरले.

आता त्या मुलीबद्दल.

ती शाळेत शिकवते. चर्चच्या हॉलमध्ये तिने दुपारचा वर्ग काढला, ज्यांचं लिहिणं-वाचणं राहून गेलं त्यांच्यासाठी. मी त्रेसष्टाव्या वर्षी पाटी घेऊन तिच्यापुढे बसले. ती माझ्या नातीएवढी, मला मावशी म्हणायची. मी तिला बाई म्हणायचे, कारण शिकवणाऱ्याला दुसरं काय म्हणणार? आपली आपण मी वाचलेला पहिला शब्द खळीच्या पुड्यावरचा होता. पंचेचाळीस वर्षं तो पुडा हातात होता आणि त्यावर फक्त 'पांढरी' लिहिलंय हे तेव्हा कळलं. बाई इतकी हसली की तिचा चष्मा पाटीवर पडला. तेव्हा ती मला आवडत होती, हे लिहिलंच पाहिजे.

मग नवे फादर आले. वयाने तरुण, पण सगळं जुन्या वळणाचं. त्यांनी आल्या-आल्या कठडा परत बसवला. गुडघे टेकायच्या फळ्या आल्या. मिस्सेच्या आधी पाव तास चर्चमध्ये बोलायचं नाही, असं दारावर लिहिलं. ते मी स्वतः वाचलं. मला वाटलं, पंचवीस वर्षं मी एकटीने धरून ठेवलेली दोरी कोणीतरी दुसऱ्या टोकाने धरली. आता फादर मला बोलावतील, विचारतील, इस्त्रीवाली मावशी, हे सगळं तुम्ही कसं सांभाळलंत?

त्यांनी बाईला बोलावलं.

बाईने पुस्तकं वाचली होती. कोणत्या सणाला कोणता रंग, प्याला कोणत्या हाताने धरायचा, सगळं तिला पानासकट ठाऊक. ती डोक्यावर पांढरी ओढणी घेऊन कठड्यापाशी गुडघे टेकायची तेव्हा पाठ अशी सरळ, जणू भिंतीला लावलेली शिडी. लॅटिन गाणी म्हणायची, चुकायची नाही. फादर लोकांना सांगायचे, "या वयात इतकी श्रद्धा." माझ्या वयातल्या श्रद्धेचं काय कौतुक? म्हाताऱ्या माणसाला दुसरं असतं काय, असंच लोकांना वाटतं.

एका रविवारी फादर मला म्हणाले, "मावशी, वेदीचे कपडे आता बाई बघतील. तुमच्या हातांना जरा आराम." हात कापतात माझे, खोटं नाही. वर्षभरापूर्वी एका चौकोनावर इस्त्रीचा पिवळा डाग पडला होता. तो मी घडीच्या आत लपवला होता. तो बाईने शोधला असणार. मी कपाटाची किल्ली दिली आणि 'बरं झालं' म्हणाले. घरी येऊन गिऱ्हाइकाचा शर्ट इतका दाबून इस्त्री केला की बटण वितळलं.

तरी सोमवारी मी चर्चमध्ये जातच राहिले. सून म्हणाली, "आई, काम तर तिच्याकडे गेलं. आता कशाला जाता?"

"बसायला."

"बसायला घरात खुर्ची आहे."

"घरातल्या खुर्चीत तू असतेस."

"मग तोंड तरी नीट करून जा," सून म्हणाली. "लग्नात मानपान चुकलेल्या विहिणीसारखं दिसतंय."

त्यातल्याच एका सोमवारी मी खोलीत गेले तर पंख्यांची खोकी बाहेर काढलेली. बाईच्या हाताला धूळ लागलेली, गाल लाल. "मावशी, या या. बघा काय सापडलं." तिने पितळी झाकण घासून आरशासारखं केलं होतं. "हे साधं बेसिन नाही बरं का. याचा पाइप गटारात जात नाही, थेट जमिनीत जातो. वेदीच्या कपड्यांचं पहिलं पाणी यात सोडायचं. कारण कपड्यात पवित्र भाकरीचा कण असू शकतो, आणि एका कणातसुद्धा…"

ती पुस्तक उघडून मला वाचून दाखवत होती. मला. माझ्या सासूबाईंचं वाक्य, छापलेलं. मध्येच थांबून विचारत होती, "कळतंय ना मावशी?"

मी एवढंच म्हणायला हवं होतं, की बाई, तो पाइप माझ्या भावाने गटाराला जोडला. पण ते म्हणाले असते तर ती लगेच म्हणाली असती, 'अय्या, बरं झालं सांगितलंत.' बादली घेऊन मागे गेली असती. आणि माझ्याकडे उरलेली शेवटची गोष्टही तिची झाली असती.

मी म्हणाले, "हो का."

तिने माझ्यासमोर चौकोन बुडवला, पिळला आणि ते पाणी कुंडात ओतलं. गुळगुळ आवाज झाला. मातीत जाणाऱ्या पाण्याला तसला आवाज नसतो, माती गपचूप पिते. मला आवाजातला फरक कळला. तिला कळला नाही. कळला नाही याचा मला जो आनंद झाला, तसा आनंद मला नंतर कधी न होवो.

मी मनात योजनाही आखली होती. पुढच्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी मिस्सेनंतर बाई सगळ्यांना ती खोली दाखवणार होती. कुंड दाखवून माहिती सांगणार होती. तेव्हा मी मागून म्हणणार होते, "बाई, पुस्तकात पाइप कुठे जातो ते लिहिलंय का?" वाक्य पाठ केलं होतं. इस्त्री करता करता पुटपुटायचे, सून वळून बघायची.

पण एक गोष्ट माझ्या हिशेबात आली नव्हती. पहिल्याच रविवारी लोक उठून कठड्याकडे निघाले, आणि माझे पाय हलले नाहीत. असलं पाप पोटात ठेवून त्याला जिभेवर घ्यायचं कसं, हे मला कोणी पुस्तकातून शिकवायला नको होतं. पंचवीस वर्षं ज्या कठड्याची वाट पाहिली तो आला, आणि मी मागच्या बाकावर बसून.

बाईने बघितलं. "मावशी, पुढे येत नाही तुम्ही."

"गुडघे."

"मी हात देते ना."

"नको," मी म्हणाले. "तुमचे हात कामाचे आहेत." तिला ते कौतुक वाटलं.

असे सहा सोमवार गेले. सहा वेळा गुळगुळ. मी स्वतःची समजूत काढायचे: फादर किती जपून पुसतात, कापडात कण राहिला असेल कशावरून?

सहाव्या रविवारी ती पळवाटही बंद झाली. आमच्याकडे एक म्हातारे निवृत्त पोस्टमन आहेत, दम्याने बेजार. फादरांनी त्यांच्या जिभेवर पवित्र भाकर ठेवली आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. भाकर खाली पडली, फरशीवर, ओली झालेली. सगळं चर्च थांबलं. फादरांनी तिथेच गुडघे टेकले, भाकर उचलली, ती जागा कापडाने झाकली. पोस्टमन रडायला लागले. फादर त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आजोबा, तो आपल्यासाठी याहून खाली उतरलाय."

मिस्सेनंतर त्यांनी ती जागा धुतली. भाकर काचेच्या वाटीत पाण्यात ठेवली, वर झाकण घातलं आणि वाटी वेदीवरच्या कुलपाच्या पेटीत ठेवली. तिथेच बाईला म्हणाले, "दोन-तीन दिवसांत पूर्ण विरघळेल. बुधवारी मला हॉस्पिटलमध्ये जायचंय. मी वाटी काढून ठेवून जाईन, तुम्ही चार वाजता कुंडात सोडा. या आठवड्याचं धुणंही त्यानंतरच करा."

बाई माझ्याकडे वळली. "मावशी, तुम्ही याल? मला एकटीला भीती वाटते."

शेवटचा रविवार अजून पुढे होता. आठवडाभर गप्प बसले असते तर माझं वाक्य आणखी धारदार झालं असतं. सोमवारी मी दुकान उघडलं आणि इस्त्री तापवून तशीच बसले. आता कण असेल-नसेल हा प्रश्न नव्हता. मी डोळ्यांनी बघितलं होतं. तो अख्खा त्या वाटीत होता, आणि भांड्यांचं खरकटं जातं तिथे जाणार होता, माझ्या समोर, कारण एका पोरीचं कौतुक मला सहन झालं नाही. मंगळवारी सून म्हणाली, "आई, बरं नाहीये का?" मी म्हणाले, "नाही." ती कधी नव्हे ती गप्प बसली आणि चहा करून दिला.

बुधवारी चार वाजता बाई शाळेतून तशीच आली होती, बोटांना खडू. तिने तीनदा हात धुतले. ओढणी डोक्यावर घेतली. वाटी दोन्ही हातांत धरली. पाणी जरासं दुधाळ झालं होतं, बाकी काही दिसत नव्हतं. ती इतक्या जपून चालत होती की माझ्या मनात तेव्हासुद्धा आलं, माझ्या हातून हे असं झालं नसतं, सांडलं असतं. मत्सर असा असतो. शेवटच्या घटकेलाही माप घेतो.

"मावशी, झाकण उचला ना."

मी झाकण उचललं. ती वाकली. आणि मी पंजा कुंडाच्या भोकावर ठेवला.

"थांब गं. इथे नको."

"का?"

"हा पाइप गटारात जातो."

ती वाटी धरून तशीच उभी. "पण पुस्तकात…"

"पुस्तक लिहिलं तेव्हा माझ्या भावाने नळाचं काम केलं नव्हतं." आणि मग मी सगळं सांगितलं. काँक्रीट, मोठे फादर, बादली, मागची माती.

ती हळूच म्हणाली, "तुम्हाला हे आत्ता आठवलं?"

इथे अजून एक खोटं आयतं समोर आलं होतं. म्हातारीला विसर पडतो, कोणीही मान्य केलं असतं.

"नाही," मी म्हणाले. "तू झाकण घासलंस त्या दिवशीही माहीत होतं."

तिचे ओठ हलत होते, सोमवार मोजत होती. "मी सात…"

"सहा."

"मला बोलला असतात तर मी ऐकलं असतं, मावशी."

"ठाऊक होतं. म्हणूनच बोलले नाही."

ती रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. वाटीकडे बघत म्हणाली, "वाट दाखवा." मी पुढे झाले, मागचं दार उघडलं. ती दोन पायऱ्या उतरली. मातीच्या त्या पट्टीवर तिने गुडघे टेकले, शाळेच्या साडीसकट, आणि वाटी हळूहळू रिकामी केली. मग वाटीत पुन्हा पाणी घेऊन तेही ओतलं. मातीने काही आवाज केला नाही. मी पायरीवर उभी होते. हात मी द्यायला हवा होता, पण ती आपली आपण उठली आणि माझ्याकडे न बघता आत गेली.

शनिवारी पाप कबूल करायला मी फादरांच्या जाळीपुढे गुडघे टेकले आणि सगळं सांगितलं, बटणासकट. ते म्हणाले, "मावशी, एकेचाळीस वर्षं काम केलेल्या तुम्हाला मी एकदाही विचारलं नाही, हे माझं मी बघेन. तुमचं प्रायश्चित्त सांगतो. दर सोमवारी जा. जे जे माहीत आहे ते तिला शिकवा, काही मागे ठेवू नका. धुवायचं मात्र तिने."

मला वाटलं होतं जपमाळ सांगतील. जपमाळ सोपी होती.

रविवारी कोणाला खोली दाखवली नाही. फादरांनी पाइप खणून बघायला माणूस बोलावला आहे एवढंच सांगितलं. मी पुढे गेले, कठड्यापाशी गुडघे टेकले, तोंड उघडलं. उठताना बाजूने एक हात आला. कोणाचा ते मी वर बघून पाहिलं नाही, धरला.

सोमवारी गेले तेव्हा बाईने बादली काढून ठेवली होती. आमचं बोलणं कामापुरतं.

"खळ थंड पाण्यात आधी कालव," मी म्हणाले. "नाहीतर गाठी होतात."

"बरं."

"पुसण्याला नको. ते बाजूला ठेव."

"माहीत आहे." मग जरा थांबून, "का ते नव्हतं माहीत."

"खळीचं कापड पाणी पीत नाही."

तिने मान हलवली. माझा पिवळ्या डागाचा चौकोन तिने घडीतून काढला, डागावर बोट फिरवलं आणि दुसऱ्यांसोबतच बुडवला. हात सरळ, पिळणं नेमकं. एकदा दाखवलं की दुसऱ्यांदा दाखवावं लागत नाही. मला ती बरी वाटत होती आणि बघवतही नव्हतं, दोन्ही एकदमच.

मग बादली उचलून ती मागच्या दाराकडे निघाली. काठोकाठ भरलेली, तरी एक थेंब हलत नव्हता. माझ्याकडून दर वेळी पायरीवर थोडं सांडायचं, त्या थेंबांसाठी मी इतकी वर्षं प्रभूची क्षमा मागत आले.

मी तोंड मिटून मागे चालले. मग प्रायश्चित्त आठवलं.

"डाव्या हातात घे," मी म्हणाले. "दुसरी पायरी हलते."